प्रभुदास मास्तरांचं सागवान

"हात लावाल तर बघा," असं म्हणून मेरीबाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

अल्लाबक्ष पॉलिशवाला एका हातात कॉस्टिक सोड्याची बादली आणि दुसऱ्या हातात काथ्याचा बोळा घेऊन ओसरीच्या पायरीवर थांबला. नवरा-बायकोचं भांडण जुंपलं की पॉलिशवाल्याने काय करायचं, हे त्याला तीस वर्षांच्या धंद्यात चांगलं कळलं होतं. बाजूला उकिडवं बसायचं आणि बिडी पेटवायची. पण हे प्रभुदास मास्तरांचं घर होतं. इथे बिडी नाही, तपकीर नाही, चहासुद्धा पाणीदार. म्हणून त्याने नुसतंच खोकून घेतलं.

"मेरी, बाजूला हो," मास्तर म्हणाले. "आत सागवान आहे, सागवान. तेरा वर्षं त्याचा श्वास कोंडलाय."

"कोंडू द्या. हिरवा रंग काय वाईट आहे? डोळ्याला थंड वाटतो."

"आणि देवळात हिरवं कपाट न्यायचं? प्रभुभोजनाची भांडी काय पलटणीच्या ट्रकात ठेवायची?"

रंग खरोखरच पलटणीचा होता. मेरीबाईंचा भाऊ भिंगारला छावणीच्या भांडारात होता. तेरा वर्षांपूर्वी मास्तर पेपर तपासायला पुण्याला गेले असताना त्याच्याकडून उरलेला अर्धा डबा आणून बाईंनी स्वतःच्या हातांनी कपाट हिरवं करून टाकलं होतं. परत आल्यावर मास्तर दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी वांग्याचं भरीत होतं, तेव्हा जेवले. पण रंगाबद्दल त्यांनी बायकोला मनातून कधी माफ केलं नाही.

कारण ते कपाट साधंसुधं नव्हतं. मिशनचे मोठे साहेब एकोणीस साली कायमचे अमेरिकेला परत गेले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ते बैलगाडीत घालून मास्तरांच्या घरी पाठवलं होतं. तेव्हापासून मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते: अस्सल ब्रह्मदेशी सागवान. पाहुणा पाणी पिऊन पेला खाली ठेवायच्या आत त्याला कपाटाची हकिकत ऐकावी लागे. खालचा खण अडकायचा, त्याचंही मास्तरांना कौतुक होतं. "सागवान पावसाळ्यात फुगतं," ते म्हणत. तो खण उन्हाळ्यातही अडकायचा, पण ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता ख्रिस्ती मंडळीच्या देवळातलं भांड्यांचं जुनं फडताळ वाळवीने खाल्लं, तेव्हा मास्तरांनी आपलं कपाट देऊ केलं. सगळ्यांना आनंद झाला. एकटा आमोस सोडून. आमोस हा मंडळीचा पंच, आणि छावणीला तंबूच्या खुंट्या आणि गाड्यांची चाकं पुरवणारा ठेकेदार. लाकडातलं आपल्याइतकं नगर जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असा त्याचा समज होता. दिसेल त्या लाकडावर तो बोटाने टकटक करी. एकदा मयताला गेला असताना त्याने पेटीवर टकटक करून विधवेसमोर "आंबा" असा निकाल दिला होता.

"हिरव्या रंगाखाली काय हाय ते कुनाला दिसतंय?" भर सभेत आमोस म्हणाला. "देवळात जायचं तर सागवानच पायजे. उद्या त्यालाबी वाळवी लागायची."

त्यावर मास्तर ताडकन उभे राहिले. "सागवान नसेल, तर मी साऱ्या मंडळीसमोर माझा शब्द मागे घेईन!"

सभा गार झाली. मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं आणि स्वतः एकदाही खोटं बोलले नव्हते. कुणी सहज "कसं काय मास्तर?" म्हटलं, तरी ते पोटापासून गुडघ्यापर्यंत सगळं खरं खरं सांगत, म्हणून लोक हल्ली लांबूनच सलाम करून निघून जात. अशा माणसाने शब्द मागे घ्यायचा म्हणजे मागे उरलं काय? त्यांच्याजवळ दुसरं होतंच काय? तारीख ठरली. येत्या रविवारच्या पुढचा रविवार. म्हणूनच आज अल्लाबक्ष आला होता, हिरवा रंग काढायला आणि खालच्या सागवानाला पॉलिश करायला.

शेवटी मेरीबाई बाजूला झाल्या. जाताना त्यांनी अल्लाबक्षकडे असं काही पाहिलं, की हातातली बादली त्याला जड वाटू लागली.

कॉस्टिक चढला आणि हिरव्या रंगाला पापुद्रे सुटले. अल्लाबक्षने पटाशीने हलकेच ओढलं, तसं खालून तपकिरी सोनेरी सागवान डोकावलं. मास्तर पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. "बघितलंस? बघितलंस? मेरी, अगं बाहेर ये!" आणि तिला बोलवायला ते आत धावले.

अल्लाबक्ष मात्र दाराकडे पाहतच राहिला. वरून खाली आलेल्या रेषा, मधे शांतपणे फाकलेल्या, परत जवळ आलेल्या. कुठे तरी पाहिलंय हे, असं त्याला वाटलं. तो विचार पुरा होतो न होतो तोच त्याच्या डोळ्यांदेखत त्या रेषा हलल्या. मग ओघळल्या. अस्सल सागवान कधी ओघळत नसतं. त्याने धावत जाऊन घागरभर पाणी ओतलं, पण कॉस्टिक कुणाचं ऐकतो? तपकिरी पाणी पायरीवरून अंगणात गेलं आणि मागे राहिला पांढराफटक देवदार, खोक्याचा. त्यावर काळी ठसठशीत इंग्रजी अक्षरं होती, तीही उलटी.

अल्लाबक्ष मटकन खाली बसला. कपाटाच्या कडेला वीतभर तुकडा तेवढा शिल्लक होता. त्यावरून त्याने बोट फिरवलं. हात त्याचाच होता. अठ्ठावीस वर्षांचा असताना, उस्ताद गनीभाईंच्या हाताखाली, त्याने हे कपाट रंगवलं होतं.

ह्याला तो 'साग काढणं' म्हणे. साध्या फळीवर रंगाने सागाच्या रेषा अशा उठवायच्या की बघणाऱ्याने सागवान समजून पुढे जावं. त्या काळी नगरात ह्या कामाला मोठी मागणी होती. पुढे लोकांना चकचकीत तेलरंग आवडू लागला, आणि अल्लाबक्षला गेल्या बारा वर्षांत कुणी साग काढायला बोलावलं नव्हतं. आयुष्यात एकदाच आपण खरा साग काढला आणि तो कुठे गेला कळलं नाही, असं तो मुबारकबीला, म्हणजे बायकोला, अधूनमधून सांगत असे. तो आज सापडला होता. आणि त्याने स्वतःच्याच हाताने खरवडून अंगणात सोडला होता. त्याला हसावं की रडावं कळेना. डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ते सगळंच काही कॉस्टिकमुळे नव्हतं.

"गेलं ना?" मागून मेरीबाईंचा आवाज आला. मास्तर अजून घरात चष्मा शोधत होते.

"बाई, तुमाला ठावं हुतं?"

"वरच्या खणातला कागद बदलताना दिसली होती अक्षरं. मग कोपऱ्यातला रंग उडाला, पांढरं दिसायला लागलं. म्हणून तर हिरवं केलं." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांना सांगायचा धीर झाला नाही हो. तेरा वर्षं रागावून बसलेत, बसू देत म्हटलं."

तेवढ्यात मास्तर आले. अल्लाबक्ष आणि मेरीबाई दोघंही झटकन कपाटापुढे उभे राहिले. पण एक सुकलेला पॉलिशवाला आणि एक ठेंगणी बाई मिळून कितीसं कपाट झाकणार? अक्षरं उलटी होती म्हणूनही काही बचाव झाला नाही. चाळीस वर्षं मास्तर पोरांच्या समोर उभं राहून त्यांच्या पाट्या उलट्या बाजूने वाचत आले होते.

"ऑर्गन... कंपनी," त्यांनी सावकाश वाचलं. "काळजीपूर्वक... उचला. ही बाजू... वर."

आणि ते ओसरीवरच्या बाजेवर बसले. मेरीबाईंची एक कोंबडी येऊन कपाटाखालचं तपकिरी पाणी चोचीने तपासून गेली.

"साहेब माझ्याशी खोटं बोलले," शेवटी मास्तर म्हणाले.

"साहेब सागवान म्हनले हुते तुमाला?" अल्लाबक्षने विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटले. ते आठवून आठवून बघत होते. बाईंना वाटलं, आता ह्यांना चक्कर येणार. "नाही," ते म्हणाले. "चिठ्ठीत एवढंच होतं, की हे कपाट तुझ्यासाठी. सागवान मीच म्हटलं."

"मंग मी सांगतो ते आयका. देवळातला ऑर्गन अमेरिकेवरनं आला, त्याचं हे खोकं. साहेबांनी बंगल्यामागच्या छपरात सोता बसून कपाट केलं. सुताराला हात लावू दिला न्हाई. हातोडा बसून अंगठ्याचं नख काळंनिळं झाल्तं. तो खालचा खन तवाच अडकत हुता. गनीभाई म्हनले, साहेब, ह्यो खन आमी नीट करून देतो. तर न्हाई म्हनले. माझ्या दोस्ताला द्यायचंय, मीच करनार." अल्लाबक्ष थांबला. "आमाला वाटलं, दोस्त म्हंजी कुनी गोरा असंल."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. सत्तावीस वर्षं त्यांनी सागवानाचा अभिमान धरला होता, आणि त्याहून मोठी गोष्ट त्याच्या आत खोक्याच्या फळीत बसून होती. "खालचा खण," ते पुटपुटले. "आणि मी म्हणत होतो पावसाळ्यात फुगतो."

"आता त्या आमोसला काय सांगायचं?" मेरीबाई म्हणाल्या. हा मात्र प्रश्न होता.

मास्तर म्हणाले, खरं सांगायचं. उभं राहायचं आणि शब्द मागे घ्यायचा. मेरीबाई म्हणाल्या, मग साहेबांच्या हातचं कपाट आमोस देवळाच्या पायरीवरून परत पाठवील आणि वर्षभर तेच गात फिरेल. ह्यावर मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. अल्लाबक्ष पांढऱ्या फळीकडे पाहत होता. खरं तर रंग निघाला होता आणि पॉलिश करायला सागवान उरलं नव्हतं, तेव्हा त्याने घरी जायला हरकत नव्हती. पण त्याने कडेच्या त्या वीतभर तुकड्यावरून पुन्हा बोट फिरवलं.

"मास्तर, मी पुन्ना साग काढतो," तो म्हणाला.

"म्हणजे लबाडी?"

"साहेबांनी केली ती लबाडी हुती व्हय? दोस्ताच्या घरी खोकं दिसू नये म्हनून केलं ते. तुमी तोंडातनं सागवान काढू नका, मंग झालं. साहेबांनी दिलेलं कपाट, येवढंच म्हना. ते तर खरं हाय न्हवं?"

मास्तरांनी तो दिवसभर त्यावर विचार केला. रात्रीच्या प्रार्थनेतही केला असावा, कारण प्रार्थना नेहमीच्या दुप्पट लांबली आणि मेरीबाई मधेच पेंगल्या. सकाळी ते म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. मला कुणी सरळ विचारलं, तर खरं तेच सांगेन. पण न विचारता बोललंच पाहिजे, असंही नाही."

मग काम सुरू झालं. कपाटाच्या फटीफटीत लांबी भरली, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. काचकागदाने घासून गुळगुळीत केलं. पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाचा, हात दिला, वाळला, दुसरा दिला. पण काळी शाई मोठी चिवट. दाराच्या मधोमध 'ही बाजू वर' पिवडीतून पुन्हा वर यायची. आणि आठवड्याचे दिवस सरत चालले होते.

पाचव्या दिवशी अल्लाबक्ष मान खाली घालून म्हणाला, "आता येक चीज पायजे. तुमच्या घरात ती न्हाई, आन् माज्याबी न्हाई."

"काय?"

"शिळी बीर."

मेरीबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. अल्लाबक्षने समजावून सांगितलं. वरचा रंग गेरू आणि काजळीचा. तो नुसत्या पाण्यात कालवला तर पळतो, तेलात वाळायला दोन दिवस घेतो आणि रेषा बसतात. शिळ्या बीरमध्ये तो धरतो आणि घडीत वाळतो. गनीभाई हे गोऱ्यांच्या बंगल्यावर शिकले होते.

"आणि साहेबांनी बंगल्यात बीर येऊ दिली?" मास्तरांनी विचारलं.

"साहेब तवर तोंड फिरवून प्रार्थनेला बसले हुते."

"मग मीही बसतो," मास्तर म्हणाले.

छावणीच्या कँटीनमधल्या बटलरकडून अल्लाबक्षने बाटली आणली. नमाजी माणूस, हात लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून, भिंगारच्या बाजारातून न येता मागच्या शेतातून वळसा घालून आला. पण ज्याला चुकवायचं तोच गाठ पडतो. मिशनच्या वस्तीच्या तोंडाशी आमोस बाभळीच्या ओंडक्यावर टकटक करत उभा होता. त्याने फडकं पाहिलं, फडक्यातून आलेलं बाटलीचं तोंड पाहिलं, आणि अल्लाबक्षच्या मागोमाग तोही मास्तरांच्या अंगणात शिरला.

अल्लाबक्षने कपाटावर चादर टाकली होती. ओसरीवर मास्तर भिंतीकडे तोंड करून प्रार्थनेला बसले होते आणि मेरीबाई वाडग्यात बीर ओतत होत्या.

"मास्तर! ह्यो कसला वास?" आमोसने विचारलं.

मास्तरांनी डोळे उघडले. खोटं बोलणं शक्यच नव्हतं. "बीर आहे," ते म्हणाले.

"बीर? कशापायी?"

"कपाटासाठी."

आमोस एकदा मास्तरांकडे, एकदा मेरीबाईंच्या वाडग्याकडे आणि एकदा चादर पांघरून उभ्या असलेल्या कपाटाकडे बघत राहिला. "कपाट पितंय?" तो म्हणाला. "ह्या वयात, मास्तर!" आणि काही न ऐकता तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीत झालं, की मास्तरांनी पेन्शनीत बाटली धरली आणि बायकोच पेला भरून देते. जन्मभर खरं बोललेल्या माणसाचं एक खरं वाक्य कुणी मानलं नाही. मास्तरांना त्याचं एवढं आश्चर्य वाटलं, की ते दुःख करायचं विसरले.

साग काढायचा दिवस उजाडला. मेरीबाईंनी कोंबडीच्या मागे धावून चांगली लांब पिसं मिळवून दिली. अल्लाबक्षकडे शिंगाचा जुना कंगवा होता, बकऱ्याच्या केसांचा कुंचला होता, आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. पहिल्या दाराला त्याने रंग फासला, कंगवा ओढला आणि त्याच्याच लक्षात आलं, हा साग नाही, पन्हळी पत्रा आहे. पुसलं. दुसऱ्यांदा कंगवा मधेच घसरला. पुसलं. तिसऱ्यांदा रेषा अशा आल्या की मेरीबाई "छान आहे हो" म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरूनच तो काय ते समजला. पुसलं.

तो पायरीवर जाऊन बसला. बारा वर्षांत हात गेला, हे त्याला आज कळलं, आणि तेही मास्तरांची अब्रू हातात घेतल्यावर. उठून निघून जावं असं त्याला फार वाटलं. मग गनीभाई आठवले. तोंडात पान धरून ते ओरडायचे, "रेघ काढू नगं रं! झाड वाढव! खालनं वर जाऊ दे त्याला!"

त्याने उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याने दाराकडे पाहिलं आणि कंगवा खालून वर नेला, घाई न करता, वर्षाला एक वर्तुळ वाढावं तसा. जिथे पाऊस कमी झाला तिथे रेषा जवळ आणल्या, जिथे बरा झाला तिथे सैल सोडल्या. मधोमध ती काळी अक्षरं अजून खालून डोकावत होती. तिथे त्याने पिसाच्या टोकाने एक गाठ घातली, फांदी मोडल्यावर पडते तशी, आणि सगळ्या रेषा तिला वळसा घालून पुढे नेल्या. दुपार टळली. मास्तर पाणी घेऊन आले आणि पेला हातात धरून तसेच उभे राहिले. त्याला पाणी द्यायचं त्यांना सुचलंच नाही.

मग वरून चपड्या लाखेचे हात. शनिवारी कपाट असं झळकलं, की त्यात मेरीबाईंनी आपला पदर नीट केला. "रिकामं कपाट देवळात नेऊ नये," म्हणून त्यांनी त्यात मंडळीची सगळी गीतांची पुस्तकं, पितळी तबकं आणि दोन इस्त्र्या भरून ठेवल्या. इस्त्र्या कशाला, हे मास्तरांनी विचारलं नाही.

रविवारी चार जणांनी कपाट उचललं आणि घामाघूम होऊन देवळात आणलं. उपासना झाली. अल्लाबक्ष दाराबाहेर पायरीवर बसला होता, तिथून त्याला सगळं दिसत होतं. मास्तर उभे राहून एवढंच म्हणाले, "साहेबांनी मला दिलेलं कपाट मी मंडळीला देतो." आणि बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

आमोस पुढे आला. त्याने टकटक केलं. आतून इस्त्र्यांनी भरदार आवाज दिला. त्याने अंगठ्याला थुंकी लावून दार घासलं. लाखेने तग धरला. आमोस खाली वाकला, नाक लावलं, नखाने ओरखडून पाहिलं. मग तो गाठीपाशी आला आणि तिथेच थांबला.

पाळकसाहेबांना उशीर होत होता. ते मास्तरांकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा ना. हे सागवानच आहे ना?"

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, खालच्या देवदाराइतका. मेरीबाईंनी डोळे मिटले. मास्तरांनी तोंड उघडलं.

"त्येंना काय इचारता?" आमोस गरजला. "मास्तरला लाकडातलं काय कळतंय? मला इचारा की!" आपल्याला सोडून दुसऱ्याला लाकडाचं विचारावं, हा अपमान त्याला सहन होण्यासारखा नव्हता. त्याने गाठीवर बोट ठेवलं. "ही गाठ बगा. ही काय मानसाला काढता येती? ह्या जागी फांदी मोडली आसंल, आन् झाड वळसा घालून वर गेलं. ह्या अंगाला दुस्काळाची सालं बगा, जवळ जवळ. सव्वाशे वर्साचं झाड हाय. मी सांगतो, अस्सल ब्रह्मी सागवान!"

मास्तर उघडलेलं तोंड मिटून खाली बसले. त्यांना पुन्हा कुणी काही विचारलंच नाही.

"आन् येक बोलतो," आमोस मंडळीकडे वळून म्हणाला. तसा माणूस वाईट नव्हता. "मास्तर लाकडाचं खरं बोलत हुते, तर बीरचंबी खरंच बोलत असतील. पीत असंल कपाट. काय सांगावं, परदेशी झाड हाय."

सगळे हसले. माणसं कपाटाभोवती जमली. झाड ब्रह्मदेशात कुठल्या बाजूला असेल, किती हात उंच असेल, ते पाडायला हत्ती लागले असतील की नाही, ह्यावर बोलणं रंगलं. एक म्हातारी दारावरून हात फिरवून म्हणाली, "काय झाड केलंय देवानं!" मास्तरांना राहवेना. ते मोठ्याने म्हणाले, "पण काम अल्लाबक्षनं केलंय! ह्या अल्लाबक्षनं!"

"पालिश बरं झालंय," आमोसने मान्य केलं. "पर मुळात लाकूड असं असलं, की पालिश काय, कुनीबी मारतंय."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. पायरीवरचा अल्लाबक्ष गालातल्या गालात हसत होता. त्याने दोन्ही हात जोडावेत तसे वर केले, मास्तरांना नजरेनेच 'असू द्या' म्हटलं, आणि उठून तो निघाला. मास्तर मागून पायरीपर्यंत आले आणि त्याला सलाम करून, तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत हात कपाळाशी धरून उभे राहिले.

घरी मुबारकबी चुलीपाशी होती. तिला गेले दहा दिवस सगळं ठाऊक होतं. त्याच्या पुढ्यात ताट ठेवून तिने विचारलं, "काय म्हनले लोक?"

"लाकूड लई चांगलं हाय, म्हनले," अल्लाबक्षने सांगितलं, आणि कित्येक दिवसांनी त्याने तिसरी भाकरी मागितली.